आभासी डेटाबेस कमांड लाइनवरून पूर्वीच्या स्थितीत नेणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, भुसावळ किंवा नंदुरबार येथे बसून पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमधील चाचणीचे डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. बहुतेक उत्तरे डेल्फिक्स या प्रणालीतील आभासी डेटाबेसांविषयी, म्हणजे रोजच्या बोलण्यातील व्हीडीबींविषयी आहेत. ज्यांच्याकडे ही प्रणाली नाही त्यांच्यासाठी पुढे एक स्वतंत्र उत्तर आहे. आज्ञा येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. त्या प्रत्यक्षात रोमन लिपीत आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळून टंकाव्या लागतात.

उदाहरणासाठी सर्वत्र एकच कल्पित व्हीडीबी घेतला आहे. रावेर-सावद्याच्या केळी खरेदीची वजने, भाव आणि शेतकऱ्यांची देणी यांचा हिशेब ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरची ती चाचणीची प्रत असून तिचे नाव ‘केळी_चाचणी’ असे धरले आहे.

व्हीडीबी मागे नेता येतो, तो कशाच्या बळावर?

डेल्फिक्सचे इंजिन, म्हणजे ही प्रणाली ज्यावर चालते तो सर्व्हर, मूळ डेटाबेसची एक प्रत स्वतःकडे ठेवते आणि तिला डीसोर्स म्हणते. त्या डीसोर्सच्या एखाद्या क्षणावरून व्हीडीबी तयार करताना डेटाच्या फायलींची पूर्ण नक्कल केली जात नाही; जे ब्लॉक, म्हणजे डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे, बदललेले नाहीत ते सर्वांचे सामाईक राहतात आणि व्हीडीबीने एखादा ब्लॉक बदलला की नवा मजकूर जुन्यावर न लिहिता दुसऱ्या जागी लिहिला जातो. म्हणून जुना ब्लॉक शाबूत राहतो आणि स्नॅपशॉट म्हणजे ‘या क्षणी कोणते ब्लॉक लागू होते’ याची नोंद ठरते. ही पद्धत झेडएफएस या फाइल सिस्टिममधून आली आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी ती घडवली आणि २००५ मध्ये तिचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला झाला. अहरेन्स पुढे डेल्फिक्समध्येच काम करू लागले. व्हीडीबी मागे नेणे म्हणजे जुन्या नोंदीतील ब्लॉक पुन्हा लागू करणे होय, आणि गरज असेल तर त्यावर लॉग, म्हणजे बदलांची क्रमवार नोंद, चालवून नेमक्या क्षणापर्यंत पुढे येणे होय. शेकडो गिगाबाइटची नक्कल करावी लागत नसल्याने हे काम सहसा काही मिनिटांत उरकते.

रिवाइंड आणि रिफ्रेश यांत फरक काय?

रिवाइंड केल्यावर व्हीडीबी स्वतःच्याच इतिहासातील एखाद्या क्षणी जातो, तर रिफ्रेश केल्यावर तो आपल्या जनकाकडून, म्हणजे डीसोर्सकडून किंवा ज्या व्हीडीबीपासून तो निर्माण झाला त्याच्याकडून, डेटा नव्याने घेतो. चाचणीसाठी आपण आठवडाभर घातलेल्या नोंदी रिवाइंडनंतर निवडलेल्या क्षणापर्यंतच्या तरी राहतात; रिफ्रेशनंतर त्यांतील एकही राहत नाही. ग्राफिकल पडद्यावर ज्याला रिवाइंड म्हणतात त्याच क्रियेचे कमांड लाइनवरील नाव रोलबॅक आहे. एसक्यूएलमधील व्यवहार मागे घेणाऱ्या रोलबॅकशी तिचा संबंध नाही: ती एखादा अपूर्ण व्यवहार नव्हे, संपूर्ण डेटाबेस मागे नेते.

पडद्यावर माउसने हे काम होत असताना कमांड लाइन कशासाठी?

एकदाच करायचे असेल तर पडदा पुरेसा आहे. मात्र चाचणीच्या प्रत्येक फेरीनंतर डेटाबेस त्याच मूळ स्थितीत आणायचा असेल, रात्री मनुष्याविना काम चालवायचे असेल किंवा तालुक्याच्या गावातून मंद जोडणीवर काम करावे लागत असेल, तर एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या यंत्राशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीवरून, जाणाऱ्या चार ओळी अधिक भरवशाच्या ठरतात. त्याशिवाय एक कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे दिलेली आज्ञा जशीच्या तशी जपून ठेवता येते, सहकाऱ्याला आधी वाचायला देता येते आणि नंतर काय केले याचा पुरावा राहतो.

कोणत्या खात्याने आत जावे आणि कोणते अधिकार लागतात?

एसएसएचने इंजिनाशी जोडणी करताना खात्याच्या नावापुढे ‘डोमेन’ लावावे. ‘सिस्टिम’ लावून होणारा प्रवेश इंजिनाच्या यंत्रणेची व्यवस्था पाहणाऱ्यांसाठी असतो. तेथे डेटाबेसांचा विभाग दिसतच नाही आणि नवशिके सहकारी ‘माझा व्हीडीबी गेला कुठे’ म्हणून घाबरतात. रोलबॅकसाठी त्या व्हीडीबीवर मालकीचा अधिकार असावा लागतो.

सर्वांत साधी आज्ञा कशी असते?

शेवटच्या स्नॅपशॉटवर परत जायचे असेल तर क्रम असा असतो:

डेटाबेस
सिलेक्ट केळी_चाचणी
रोलबॅक
सेट टाइमफ्लोपॉइंटपॅरामीटर्स.टाइप=टाइमफ्लोपॉइंटसिमँटिक
सेट टाइमफ्लोपॉइंटपॅरामीटर्स.कंटेनर=केळी_चाचणी
सेट टाइमफ्लोपॉइंटपॅरामीटर्स.लोकेशन=लेटेस्ट_स्नॅपशॉट
कमिट

‘रोलबॅक’ लिहिल्याबरोबर काहीही घडत नाही. प्रॉम्प्टच्या शेवटी एक तारांकन चिन्ह दिसू लागते आणि ते अपुरी आज्ञा हातात असल्याची खूण असते. या अवस्थेत ‘एलएस’ दिले की आतापर्यंत ठरवलेली सर्व मूल्ये पडद्यावर येतात. ती शांतपणे वाचावीत, शक्य असल्यास शेजारच्या सहकाऱ्याला वाचून दाखवावीत आणि मगच ‘कमिट’ द्यावे. मन बदलले तर ‘डिस्कार्ड’ दिल्यावर सर्व रद्द होते.

कंटेनर या मूल्याकडे विशेष लक्ष द्यावे. रिफ्रेशच्या आज्ञेत तेथे जनकाचे नाव असते, रोलबॅकमध्ये खुद्द व्हीडीबीचे. जुन्या रिफ्रेशच्या स्क्रिप्टवरून नवी स्क्रिप्ट बेतताना हीच ओळ तशीच राहून जाते.

मला स्नॅपशॉटवर नव्हे, नेमक्या वेळेवर जायचे आहे. वेळ कशी द्यावी?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे, कारण आज्ञा अचूक असूनही निकाल चुकीचा येतो तो बहुतांश वेळा येथेच.

प्रकार म्हणून ‘टाइमफ्लोपॉइंटटाइमस्टँप’ निवडावा लागतो आणि त्यासोबत दोन गोष्टी द्याव्या लागतात: कोणता टाइमफ्लो (व्हीडीबीचा सलग इतिहास; याविषयी पुढे आहे) आणि त्यातील कोणती वेळ. वेळ वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मध्ये ‘टी’ आणि शेवटी ‘झेड’ लावून लिहिली जाते. शेवटचा ‘झेड’ म्हणजे ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून घड्याळातील वेळेतून साडेपाच तास वजा केल्याशिवाय ती आज्ञेत लिहू नये.

समजा, चाचणी करणाऱ्याने ५ मार्च २०२५ रोजी दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी एक स्क्रिप्ट चालवली आणि तिने फक्त मृगबागेच्या निवडक नोंदींऐवजी कांदेबागेसह (हे दोन्ही केळी लागवडीचे हंगाम) सर्वच देणी ‘अदा’ म्हणून नोंदवली. आपल्याला ४ वाजून १० मिनिटांच्या स्थितीत जायचे आहे. आज्ञेत लिहायची वेळ २०२५-०३-०५टी१०:४०:००.०००झेड ही आहे. घाईत १६:१० तसेच लिहिले तर त्याचा अर्थ आपल्याकडील रात्रीचे ९ वाजून ४० मिनिटे असा होतो. तो क्षण अजून आलेला नसेल तर इंजिन नकार देते आणि निभावते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्ती करत असाल तर तो क्षण होऊन गेलेला असतो, आज्ञा यशस्वी होते आणि चुकीची स्क्रिप्ट चालून गेल्यानंतरचा डेटाबेस आपल्या हाती येतो.

मध्यरात्रीनंतरच्या कामांत तर तारीखही बदलते. १२ तारखेच्या पहाटे २ वाजताची आपली वेळ म्हणजे ११ तारखेचे २०:३०. रात्रीचे भाव अद्ययावत करणारे काम अशाच वेळी चालत असेल तर कागदावर दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहून घ्याव्यात; हा मिनिटभराचा खर्च टाळू नये.

वेळ नक्की आठवत नसेल तर?

वेळेच्या ऐवजी डेटाबेसच्या स्वतःच्या खुणा अधिक अचूक असतात. ऑरॅकलमध्ये प्रत्येक बदलाबरोबर एससीएन हा क्रमांक वाढत जातो आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगच्या नोंदींना एलएसएन असतो. ‘टाइमफ्लोपॉइंटलोकेशन’ हा प्रकार निवडून असा क्रमांक देता येतो. मोठी स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी तिच्या पहिल्याच ओळीत चालू एससीएन विचारून लॉगमध्ये छापून घेण्याची सवय लावली तर घड्याळाचा प्रश्नच उरत नाही.

त्याहूनही सोपा मार्ग म्हणजे धोक्याच्या कामाआधी स्वतः स्नॅपशॉट घेणे. व्हीडीबी निवडून ‘सिंक’ आणि ‘कमिट’ दिले की स्नॅपशॉट तयार होतो; पुढे ‘टाइमफ्लोपॉइंटस्नॅपशॉट’ हा प्रकार निवडून त्याचे नाव दिले की वेळ, प्रमाणवेळेचे क्षेत्र, सेकंद यांपैकी कशाचाही विचार करावा लागत नाही. इतिहासातील एखाद्या क्षणाला बुकमार्क म्हणून नाव देण्याचीही सोय आहे. नाव देताना ‘टेस्ट१’ किंवा ‘फायनल’ असे न देता ‘मृगबाग_देणी_बदलापूर्वी’ यांसारखे कामाचे नाव द्यावे, म्हणजे सहा दिवसांनी दुसऱ्या पाळीतील माणसालाही ते कळते.

टाइमफ्लो एकापेक्षा अधिक दिसतात. त्यांतला माझा कोणता?

व्हीडीबीच्या सलग इतिहासाला टाइमफ्लो म्हणतात. प्रत्येक रिफ्रेशबरोबर आणि प्रत्येक रिवाइंडबरोबर नवा टाइमफ्लो सुरू होतो, जुना मागे राहतो. तापीच्या पात्राला फाटा फुटावा तसे हे आहे: फाट्याच्या वरचे पाणी दोघांचे एकच, खालचे मात्र वेगळे. त्यामुळे हवी ती घड्याळी वेळ चालू टाइमफ्लोत नसून जुन्या टाइमफ्लोत असू शकते आणि नुसती वेळ सांगून भागत नाही. सकाळी ११ वाजता आपण डेटाबेस ९ च्या स्थितीत नेला आणि पुन्हा काम सुरू केले असेल, तर १० वाजताची स्थिती जुन्या टाइमफ्लोत सापडेल, आणि १२ वाजताची नव्या.

चालू टाइमफ्लो कोणता हे व्हीडीबीच्या माहितीत ‘करंटटाइमफ्लो’ या मूल्यात दिसते. एखाद्या टाइमफ्लोत कोणत्या काळात जाता येते हे पाहण्यासाठी तो निवडून ‘टाइमफ्लोरेंजेस’ चालवावे. उत्तरात आरंभबिंदू, अंत्यबिंदू आणि त्या पट्ट्यातून डेटाबेस उभारता येईल की नाही हे येते. मधला लॉग हरवला असेल तर पट्टा तुटलेला दिसतो, आणि त्या खंडातील वेळ मागून उपयोग होत नाही. काही डेटाबेस प्रकारांत व्हीडीबीच्या स्नॅपशॉटांवरच जाता येते, त्यांच्या मधल्या क्षणांवर नाही. म्हणून आज्ञा लिहिण्याआधी हा पट्टा पाहणे हेच पहिले काम समजावे.

कमिट दिल्यावर वीज गेली किंवा जोडणी तुटली तर काय होते?

वैशाख-ज्येष्ठात भुसावळ-जळगावचा पारा चढला की वीज जाण्याची चिंता खरी असते. कमिट दिल्यानंतरचे काम आपल्या लॅपटॉपवर नव्हे, इंजिनावर चालते. त्यामुळे जोडणी तुटली तरी ते थांबत नाही. पुन्हा आत जाऊन ‘जॉब’ विभागात ‘लिस्ट’ दिले की ते चालू आहे, पूर्ण झाले की अपयशी ठरले हे कळते. हे न पाहता घाबरून दुसऱ्यांदा रोलबॅक देऊ नये.

कमिटपूर्वी जोडणी तुटली तर हातातील अपुरी आज्ञा नाहीशी होते आणि व्हीडीबीला काहीही झालेले नसते.

काम चालू असताना व्हीडीबी वापरता येतो का?

नाही. तो बंद होतो, जुन्या स्थितीत उभारला जातो आणि पुन्हा सुरू होतो. जोडलेल्या सर्वांचे सत्र तुटते. डेटाबेसचे नाव आणि पोर्ट तेच राहत असल्याने ॲप्लिकेशनची मांडणी बदलावी लागत नाही, परंतु त्याने राखून ठेवलेल्या जुन्या जोडण्या निकामी झालेल्या असतात; ॲप्लिकेशन सर्व्हर पुन्हा सुरू करणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. चमूतील इतरांना आधी कळवणे हे सौजन्याचे आहेच, शिवाय त्यांचे अर्धवट काम वाचवण्याची तीच एक संधी असते.

चुकीच्या क्षणावर गेलो. आता पुन्हा पुढे येता येईल का?

येते. रिवाइंड केल्यावर त्या क्षणानंतरचे बदल व्हीडीबीत दिसत नाहीत, पण मागे पडलेला टाइमफ्लो आणि त्याचे स्नॅपशॉट इंजिनावर शिल्लक राहतात आणि कमांड लाइनवरून ते गाठता येतात. ‘स्नॅपशॉट’ विभागात या व्हीडीबीची यादी काढावी, हवा तो नंतरचा स्नॅपशॉट ओळखावा आणि त्याच्या नावाने डेटाबेस पुन्हा त्या स्थितीत न्यावा. शेवटची रिफ्रेश किंवा रोलबॅक क्रिया उलटवण्यासाठी डेटाबेसच्या आज्ञांत ‘अनडू’ देखील आहे.

तथापि यावर विसंबून बेफिकीर होऊ नये. रिवाइंडच्या आधीचा शेवटचा स्नॅपशॉट आदल्या रात्रीचा असेल तर तेथून पुढच्या दिवसभराचे काम फक्त लॉगमध्ये असते, आणि ते लॉग राहतीलच अशी खात्री प्रत्येक ठिकाणी नसते. म्हणून माझा आग्रह असा आहे की मागे जाण्यापूर्वी, डेटाबेस बिघडलेला असला तरीही, आहे त्या स्थितीचा एक स्नॅपशॉट घ्यावाच. बिघाड कसा झाला हे नंतर शोधायचे झाले तर तीच बिघडलेली स्थिती लागते.

मागे गेल्यावर कोणत्या गोष्टी मागे जात नाहीत?

रिवाइंडमुळे डेटाबेसच्या आत असलेले सर्व काही मागे जाते: सारण्या, प्रोसिजर, वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्डसुद्धा. काल बदललेला पासवर्ड आज चालेनासा झाला तर तक्रार करण्यापूर्वी हे आठवावे. डेटाबेसच्या बाहेरचे मात्र काहीही हलत नाही. ॲप्लिकेशनने सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवलेली वजनपावतीची छायाचित्रे तेथेच राहतात, त्यांच्या नोंदी मात्र डेटाबेसमधून गेलेल्या असतात. दुसऱ्या डेटाबेसकडे पाठवलेल्या रकमा तिकडे जमा झालेल्या राहतात. दोन व्हीडीबी एकमेकांशी बोलत असतील तर त्यांना एकाच क्षणी नेणे आवश्यक असते. अनेक स्रोतांना एकत्र बांधून एकाच बुकमार्कवर नेण्यासाठी डेल्फिक्समध्ये सेल्फ सर्व्हिस हा भाग आहे.

सर्वांत गंभीर बाब पाठवलेल्या संदेशांची आहे. शेतकऱ्याच्या मोबाइलवर ‘आपली रक्कम जमा झाली’ असा संदेश एकदा गेला की कोणतीही आज्ञा तो परत आणू शकत नाही. त्यातच डेटाबेसमध्ये ठरावीक वेळी चालणारी कामे असतील तर रिवाइंडनंतर ‘अजून चालायचे आहे’ अशी त्यांची जुनी नोंद परत येते, आणि नियोजित वेळ उलटून गेली असल्याने डेटाबेस उघडताच ती चालू लागतात. दुपारी एकदा गेलेले संदेश संध्याकाळी पुन्हा जातात ते असे. चाचणीच्या प्रतीत संदेश पाठवणारा मार्ग कायमचा बंद असला पाहिजे, आणि वेळापत्रकावरील कामे रिवाइंडनंतर तपासल्याशिवाय सुरू होऊ देऊ नयेत. केळीच्या पैशाची वाट पाहणाऱ्या घरात खोटा संदेश जाणे ही तांत्रिक चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

मास्किंग केलेल्या प्रतीवर रिवाइंड सुरक्षित आहे का?

मास्किंग म्हणजे खऱ्या माहितीच्या जागी बनावट माहिती घालून ती झाकणे. ते कधी झाले यावर उत्तर अवलंबून आहे. व्हीडीबी उभारतानाच, पहिल्या स्नॅपशॉटच्या आधी, नावे, खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक बदलले गेले असतील तर त्याच्या इतिहासात खरी माहिती कोठेच नसते. परंतु व्हीडीबी आधी तयार झाला आणि मास्किंग दोन दिवसांनी हाताने चालवले असेल, तर त्या दोन दिवसांचे स्नॅपशॉट खऱ्या माहितीने भरलेले असतात. त्या काळातील क्षणावर रिवाइंड केल्यास शेतकऱ्यांचे खरे बँक तपशील चाचणीच्या यंत्रावर उघडे पडतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे आणि ‘ती तर चाचणीची प्रत होती’ हे उत्तर माहिती ज्याची आहे त्याला पटणारे नाही. असे जुने स्नॅपशॉट शोधून काढून टाकावेत.

रिवाइंडच्या आधी आणि नंतर आपोआप काही करता येते का?

होय. व्हीडीबीला हूक, म्हणजे ठरलेल्या टप्प्यावर आपोआप चालणाऱ्या आपल्या आज्ञा, जोडता येतात. रोलबॅकपूर्वीच्या हूकमध्ये चाचणीचे निकाल बाहेर काढून ठेवावेत, कारण ते त्याच डेटाबेसमध्ये असतील तर नाहीसे होतील. रोलबॅकनंतरच्या हूकमध्ये पासवर्ड, जोडण्या आणि वेळापत्रकावरील कामे ठाकठीक करावीत. ‘कॉन्फिगर क्लोन’ नावाचा हूक व्हीडीबी प्रथम उभारताना आणि रिफ्रेशनंतर चालतो, रिवाइंडनंतर नाही. सगळी व्यवस्था त्याच एका हूकमध्ये लिहून ठेवलेली असेल तर रिवाइंडनंतर ती लागू होत नाही आणि कारण लवकर सापडत नाही.

स्नॅपशॉट किती दिवस राहतात, आणि जागा किती खातात?

किती दिवस ठेवायचे हे धारणेच्या धोरणावरून ठरते. ते आपल्या इंजिनावर पाहून घ्यावे आणि महत्त्वाच्या स्नॅपशॉटला वेगळी मुदत द्यावी. जागा स्नॅपशॉटच्या संख्येने नव्हे, बदललेल्या ब्लॉकांच्या प्रमाणात लागते. एखाद्या स्नॅपशॉटपासून दुसरा व्हीडीबी उभारलेला असेल तर तो व्हीडीबी असेपर्यंत तो स्नॅपशॉट काढता येत नाही.

चूक मूळ, चालू डेटाबेसमध्येच झाली असेल तर रिवाइंड करता येईल का?

व्हीडीबी मागे नेल्याने मूळ डेटाबेस बदलत नाही, आणि ते चांगलेच आहे. मात्र डीसोर्सकडे चुकीच्या आधीचा इतिहास असेल तर त्या क्षणावरून एक नवा व्हीडीबी उभारता येतो, त्यात गमावलेल्या नोंदी शोधता येतात आणि तेवढ्याच नोंदी तपासून मूळ डेटाबेसमध्ये परत घालता येतात. संपूर्ण डेटाबेस थांबवून जुना बॅकअप चढवण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळदा हिताचा असतो, कारण चुकीनंतर झालेले इतरांचे योग्य व्यवहार जसेच्या तसे राहतात.

आमच्याकडे डेल्फिक्स नाही. जिनिंगच्या कार्यालयात एकच लिनक्स सर्व्हर आहे. आम्ही काय करावे?

खानदेशात कापूस, केळी आणि किराणा यांच्या व्यवहारांत अशीच मांडणी अधिक आढळते, आणि तिच्यावरही वेळेत मागे जाण्याची चांगली सोय करता येते.

पोस्टग्रेसमध्ये एक बेस बॅकअप आणि त्यानंतरच्या डब्ल्यूएएल फायली (प्रत्येक बदलाची नोंद असलेले लॉग) सतत जपून ठेवल्या असतील तर कोणत्याही मधल्या क्षणावर जाता येते. बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवावा, मांडणीत ‘रिस्टोअर_कमांड’ आणि ‘रिकव्हरी_टार्गेट_टाइम’ द्यावे आणि ‘रिकव्हरी.सिग्नल’ नावाची रिकामी फाइल ठेवून सर्व्हर सुरू करावा. १२ व्या आवृत्तीपासून हीच पद्धत आहे, त्याआधीची ‘रिकव्हरी.कॉन्फ’ आता चालत नाही. वेळेपुढे +०५:३० स्पष्ट लिहावे, म्हणजे सर्व्हरच्या घड्याळाचे क्षेत्र काहीही असले तरी अर्थ बदलत नाही. पोस्टग्रेस ठरलेल्या क्षणी पोहोचल्यावर, मूळ मांडणीत बदल केला नसेल तर, थांबून राहते आणि आपल्याला वाचून पाहण्याची संधी देते. नोंदी बरोबर असतील तरच पुढे जाऊ द्यावे.

मायएसक्यूएलमध्ये पूर्ण डंप (संपूर्ण डेटाची काढून ठेवलेली प्रत) चढवून त्यावर बायनरी लॉग ठरावीक वेळेपर्यंत किंवा ठरावीक स्थानापर्यंत चालवले जातात. स्थान देणे अधिक अचूक असते, कारण एकाच सेकंदात बरोबर आणि चुकीचा असे दोन्ही व्यवहार झालेले असू शकतात. ऑरॅकलच्या एंटरप्राइज आवृत्तीत फ्लॅशबॅक डेटाबेस आहे. कामाआधी हमीचा रिस्टोअर पॉइंट ठेवला असेल तर डेटाबेस माउंट अवस्थेत (पूर्ण उघडण्याआधीच्या टप्प्यावर) आणून त्यावर परत जाता येते आणि शेवटी तो रीसेटलॉग्ज देऊन उघडावा लागतो.

डेटा झेडएफएसवर असेल तर सावधगिरीची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘झेडएफएस रोलबॅक’ साधारणपणे सर्वांत अलीकडच्या स्नॅपशॉटवरच नेते. त्यामागच्या स्नॅपशॉटवर जाण्यासाठी ‘-आर’ द्यावे लागते आणि ते दिल्यावर मधले सर्व स्नॅपशॉट कायमचे नष्ट होतात. येथे डेल्फिक्ससारखा मागे राहणारा टाइमफ्लो नाही. म्हणून रोलबॅक न करता ‘झेडएफएस क्लोन’ने जुन्या स्नॅपशॉटची प्रत वेगळी उभी करावी, डेटाबेस तिच्यावर दुसऱ्या पोर्टवर सुरू करून पाहावा आणि खात्री पटल्यावरच निर्णय घ्यावा. डेटा आणि लॉग वेगवेगळ्या डेटासेटवर असतील तर दोघांचा स्नॅपशॉट एकाच आज्ञेत, एकाच क्षणी घ्यावा.

संपूर्ण आभासी यंत्राचा स्नॅपशॉट ‘व्हर्श’ या आभासी यंत्रे सांभाळणाऱ्या आज्ञेने मागे नेणे सोपे दिसते, पण त्याबरोबर त्या यंत्रावरील इतर सर्व कामही मागे जाते. डेटाबेसपुरत्या दुरुस्तीसाठी तो शेवटचा पर्याय मानावा.

रोजच्या रोलबॅकची स्क्रिप्ट लिहिताना काय पाळावे?

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नये. एसएसएचची किल्ली वापरावी आणि ती ज्या खात्याची असेल त्याला त्या एका व्हीडीबीपुरताच अधिकार द्यावा. व्हीडीबीचे नाव स्क्रिप्टच्या आरंभी एकाच ठिकाणी असावे. वेळेचे गणित माणसाने न करता स्क्रिप्टने करावे आणि दोन्ही वेळा लॉगमध्ये छापाव्यात. जॉब पूर्ण झाल्याची खात्री होईपर्यंत स्क्रिप्टने पुढची चाचणी सुरू करू नये.

काम झाल्यावर काय तपासावे?

जॉब यशस्वी झाल्याचा संदेश डेटाबेस उघडला एवढेच सांगतो. तो हव्या त्या क्षणी आहे हे सांगत नाही. महत्त्वाच्या सारणीतील सर्वांत अलीकडच्या नोंदीची वेळ विचारावी आणि ती आपण मागितलेल्या क्षणाच्या किंचित आधीची आहे ना हे पाहावे. चुकीच्या स्क्रिप्टने बदललेल्या दोन-तीन ओळखीच्या नोंदी उघडून पाहाव्यात; आपल्या उदाहरणात कांदेबागेचे एखादे न दिलेले देणे पुन्हा ‘बाकी’ दिसले पाहिजे. डेटाबेसचा अलर्ट लॉग वाचावा, वेळापत्रकावरील कामे थांबलेली आहेत का ते पाहावे आणि ॲप्लिकेशनमधून एक साधी नोंद घालून पाहावी. हे सर्व जुळले की नव्या टाइमफ्लोवर एक स्नॅपशॉट घ्यावा, त्याला नाव द्यावे आणि मगच चमूला डेटाबेस वापरण्यास मोकळा झाल्याचे कळवावे.